वापरलेला पोपट

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका शनिवारी, अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावातल्या पक्ष्यांच्या एका दुकानात, एक पोपट आजारी आणि शिवाय वापरलेला असल्याच्या कारणावरून परत करण्यात आला. त्याच दुपारी तो परत घेण्यातही आला. दोन्ही वेळा सही करणारा इसम एकच होता. तो मी.

या घटनेच्या आमच्या महाराष्ट्र मंडळात बऱ्याच आवृत्त्या फिरत आहेत. एका आवृत्तीत मी पोपटाला चावतो. ते खरं नाही. म्हणून जे घडलं तेवढंच, ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने देतो.

पोपट मुलीसाठी घेतला. रेवा आठवीत आहे. तिला कुत्रा हवा होता, तिच्या आईला कुत्रा नको होता आणि मला वाद नको होता. त्यातून पोपट निघाला. आफ्रिकन जातीचं पिल्लू, अंगाने करडं, शेपटी लालभडक. या जातीचे पोपट सगळ्यात सुंदर बोलतात असं रेवाने वाचलं होतं. पिंजरा घरात आणल्यावर माझी बायको मंजिरी त्याच्याभोवती एक चक्कर मारून आली.

"हा पोपट?"

"ग्रे पॅरट."

"शिरीष, ज्याच्यावरून आपण रंगाला पोपटी म्हणतो, तो पक्षी करडा कसा असेल? तुला कबुतर विकलंय त्यांनी."

(ग्राहक म्हणून माझ्या निर्णयशक्तीवर झालेला हा पहिला हल्ला. पुढचे हल्ले मी स्वतःच केले.)

नाव मी 'मिठू' सुचवलं. रेवा म्हणाली, "डॅड. नो." नाव बिस्किट ठेवण्यात आलं.

पिंजरा खालच्या फॅमिली रूममध्ये, खिडकीपाशी ठेवला. शेजारीच खालचं छोटं बाथरूम आहे. मी घरात सगळ्यांच्या आधी उठतो आणि वर झोपलेल्यांना त्रास नको म्हणून तिथेच तोंड धुतो. तेवढ्यात मंजिरी खाली येते, कानात इअरबड्स घालते आणि स्वयंपाकघरात चहा टाकते. रेवा शाळेची बस दारात येईपर्यंत झोपते. घराची सकाळ ही अशी.

दुपारी शाळेतून आली की रेवा पिंजऱ्यापुढे खुर्ची ओढून बसायची. "हाय रेवा! से हाय रेवा!" बिस्किट मान तिरकी करून ऐकायचा आणि शेंगदाणा फोडायचा. आठवडे गेले. एक शब्द नाही. तो तिच्या खांद्यावर बसू लागला, तिच्या कानातल्या रिंगशी खेळू लागला, ती खोलीतून गेली की पिंजऱ्याच्या दारापाशी येऊन थांबू लागला. बोलायचा मात्र नाही.

"ही इज थिंकिंग," रेवा म्हणायची.

मग तो खोकला.

पहिल्यांदा ऐकलं मंजिरीने. ती त्या दिवशी घरून काम करत होती. मला ऑफिसात फोन आला.

"शिरीष, अरे पोपट खोकतोय!"

"पोपट खोकत नाहीत."

"मग तू येऊन ऐक. घशात काहीतरी घरघरतंय त्याच्या. आमच्या मीटिंगमधल्या बाईने मला विचारलं, इज युवर फादर ओके?"

संध्याकाळी मीही ऐकला. खोल, ओला, चिवट आवाज. छातीच्या तळातून निघून घशात अडकल्यासारखा. रेवा रडायला लागली. "इज ही गोइंग टु डाय?" मी तिला सांगितलं की बिस्किटला काहीही होणार नाही. तो आपल्याकडेच राहणार. उपचाराचा खर्च मात्र दुकानाने द्यायचा. "आजारी माल विकलाय त्यांनी. मी बघतो."

'मी बघतो' यामागे माझी पूर्वपीठिका आहे. अमेरिकेत येण्याआधी मी नागपूरच्या एका दैनिकात डेस्कवर होतो. ग्राहकांच्या तक्रारींचं साप्ताहिक सदर माझ्याकडे होतं. बंद पडलेले कूलर, शॉक देणारे मिक्सर, पहिल्या धुण्यात विरघळलेल्या साड्या. प्रत्येक उत्तराचा शेवट मी एकाच वाक्याने करायचो : गप्प बसू नका. आता मी एका विमा कंपनीत पॉलिसीचे मजकूर लिहितो, म्हणजे ग्राहकाला काय मिळणार नाही ते सभ्य भाषेत कळवतो. बऱ्याच वर्षांनी पुन्हा ग्राहकाच्या बाजूने उभं राहायची संधी आली होती. मी ती सोडली नाही. सोडायला हवी होती.

रात्रीच्या जेवणापर्यंत मी कायदा शोधून काढला होता. विकत घेतलेला पाळीव प्राणी आजारी निघाला, तर ग्राहकाला तो परत करता येतो, बदलून मागता येतो, किंवा ठेवून घेऊन उपचाराचा खर्च मागता येतो.

"याला लेमन लॉ म्हणतात," मी ताटावरून जाहीर केलं. "इथे बिघडलेल्या मालाला लिंबू म्हणतात."

"लिंबू?" मंजिरी म्हणाली. "मग मिरच्याही आण. पिंजऱ्याच्या दाराला बांधू."

"मी सिरियसली बोलतोय."

"मीपण. मिरच्या त्याला आवडतात तरी."

दुसऱ्या दिवशी साने काका आले. साने काका आमच्या मागच्या गल्लीत राहतात. फार पूर्वी इकडे आलेले डॉक्टर, भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर ते सगळ्याच विषयांतले तज्ज्ञ झाले आहेत. येताना स्टेथोस्कोप घेऊन आले होते.

"काका, तुम्ही भूल देणारे. पक्ष्याचं तुम्हाला काय कळणार?" मंजिरीने विचारलं.

"अगं, फुप्फुसं ती फुप्फुसं! चार पायांची असोत की दोन पंखांची. शांत बसा सगळे."

स्टेथोस्कोप पिंजऱ्याच्या गजांतून आत गेला. बिस्किटने त्याची रबरी नळी चोचीत धरून बघितली. आम्ही सगळे श्वास रोखून. मग तो आवाज आला : खर्रर्र, खर्रर्र, आणि शेवटी घशातून काहीतरी ओढून आणल्यासारखा एक मोठा 'खाक्!'

काकांनी स्टेथोस्कोप हळूच बाहेर काढला. चेहरा गंभीर.

"शिरीष, हा पक्ष्याचा खोकला नाही."

"मग?"

"हा माणसाचा खोकला आहे. पुरुष. पन्नाशीच्या आसपासचा. दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढणारा. हा खोकला मी ऑपरेशन टेबलावर शेकडो वेळा ऐकलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! याचा आधीचा मालक असा होता. त्याचं ऐकून हा शिकलाय. तुला सेकंडहँड पोपट विकलाय!"

मंजिरी म्हणाली, "काका, तो पिल्लू आहे."

"असं दुकानदार म्हणतो," काका म्हणाले.

या वाक्याने मला जे झालं त्याला बातमीदारीच्या भाषेत 'धागा मिळणे' म्हणतात.

पक्ष्यांच्या डॉक्टरीण बाईंची वेळ मिळाली. त्यांनी बिस्किटला टॉवेलात गुंडाळलं, वजन घेतलं, रक्त घेतलं, एक्स-रे काढला. मंजिरीने फोनवर रेकॉर्ड केलेला खोकला ऐकवला. बाई दोनदा ऐकून म्हणाल्या की तपासण्यांत तर काही सापडत नाही. शिवाय पक्ष्यांना आपल्यासारखं खोकता येत नाही. हा नकलेचा प्रकार असू शकतो.

"घरात कोणाला खोकला आहे?"

"नाही," मी म्हटलं.

"नाही," मंजिरी म्हणाली.

"नोप," रेवा म्हणाली.

"कोणी सिगारेट ओढतं? असा आवाज करणारं एखादं मशीन? जुना पंप, कॉफी मशीन?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. तिघंही खरं बोलत होतो, हे मी आजही शपथेवर सांगेन. बाईंनी 'कारण निश्चित नाही, काही दिवसांनी पुन्हा दाखवा' असं लिहून दिलं. घरी जाऊन बारकाईने ऐका, असंही म्हणाल्या. हे दुसरं वाक्य मी ऐकलं, पण मनात घेतलं नाही. माझ्या मनात तक्रारीचा मजकूर जुळत होता.

तो मजकूर मी त्या संध्याकाळी लिहिला. युक्तिवाद दुधारी होता. पोपट आजारी असेल, तर आजारी माल विकल्याबद्दल दुकान दोषी. आजारी नसेल, तर तो नक्कल करतो आहे, म्हणजे वापरलेला आहे, म्हणजे पिल्लू म्हणून विकल्याबद्दल दुकान दोषी. सुटायला वाटच नाही! आधीच्या मालकाचं वर्णनही दिलं, म्हणजे दुकानाला शोधायला सोपं जावं : 'मध्यमवयीन, अस्वच्छ सवयींचा, इतरांच्या सोयीगैरसोयीचा विचार न करणारा पुरुष.'

मंजिरीने वाचून विचारलं, "हे शेवटचं कशावरून?"

"एवढा मोठा आवाज चार माणसांत काढतो म्हणजे तसाच असणार."

दुकानाची स्वतःची आरोग्याची हमी होती आणि ती संपत आली होती. म्हणून शनिवारी आम्ही तिघं निघालो. बिस्किट प्रवासाच्या छोट्या पिंजऱ्यात, रेवाच्या मांडीवर. वाटेत तिने दोनदा विचारलं, "वी आर जस्ट टॉकिंग टु देम, राइट?"

"जस्ट टॉकिंग," मी म्हटलं.

दुकानाच्या मॅनेजर शेरिल बाई साठीच्या, धिप्पाड, दोन्ही हातांवर पक्ष्यांनी घेतलेल्या जुन्या चाव्यांच्या खुणा. त्यांनी मला बोलू दिलं. शनिवार असल्याने दुकान भरलेलं होतं. माझ्यामागे रांग लागली. रांगेत खांद्यावर पिवळ्या तुऱ्याचा पक्षी घेतलेल्या एक आजी होत्या. प्रेक्षक मिळाल्यावर माझा आवाज थोडा चढला. कायद्याचं नाव घेतलं तेव्हा आणखी चढला.

शेरिल बाई शांतपणे म्हणाल्या, "हनी, तो कायदा कुत्र्या-मांजरांचा आहे."

"प्राण्यांचा आहे."

"व्याख्या वाचा."

मी फोन काढून व्याख्या वाचली. कुत्रा. मांजर. मी खाली सरकवून बघितलं. खाली काही नव्हतं. मी मथळा वाचून बातमी सोडून दिली होती. याच चुकीसाठी मी नागपुरात कितीतरी शिकाऊ उपसंपादकांना रडवलं आहे.

"भावार्थ बघा," मी म्हटलं. "त्यात पक्षी गृहीत आहेत."

मागच्या आजी म्हणाल्या, "मला नाही तसं वाटत."

शेरिल बाईंनी पर्याय सांगितला. दुकानाच्या हमीत उपचारांचा खर्च बसत नाही. पक्ष्याच्या प्रकृतीबद्दल शंका असेल तर तो आज परत करा. पैसे पूर्ण मिळतील. पक्षी पैदासकाराकडे परत जाईल, तिथे वेगळा ठेवून तपासतील. पुन्हा तुम्हाला मिळणार नाही. नाहीतर घरी घेऊन जा. काय ते ठरवा, रांग मोठी आहे.

मंजिरी कानाशी येऊन म्हणाली, "चल घरी. बस झालं."

त्या क्षणी घरी जाणं शक्य होतं. दार पाच पावलांवर होतं. पण रांगेतले सगळे माझ्याकडे बघत होते. कायदा हरला होता. आता पोपट घेऊन मुकाट्याने निघालो असतो तर मीही हरलो असतो. मी म्हटलं, "प्रश्न तत्त्वाचा आहे. परत करतो."

"डॅड!" रेवा ओरडली. "यू सेड जस्ट टॉकिंग!"

"रेवा, दुसरा आणू आपण. निरोगी."

"आय डोन्ट वाँट निरोगी! आय वाँट हिम!"

(घरात तिने मराठी बोलावं म्हणून मी वर्षानुवर्षं मागे लागलो होतो. तो शब्द तिने त्या दिवशी पहिल्यांदा वापरला.)

मी सही केली. शेरिल बाईंनी पिंजरा काउंटरवर ओढून घेतला. बिस्किट दाराच्या गजांपाशी आला आणि रेवाकडे बघत थांबला. ती जाकिटात तोंड खुपसून उभी होती. मंजिरी माझ्याकडे बघत नव्हती. मी सहीची तारीख बरोबर आहे का ते तपासत होतो.

तेवढ्यात मागे कोणीतरी वाडगे धुवायला नळ सोडला.

बिस्किट ताठ झाला. पिसं फुलवली, मान मागे टाकली आणि आधी गुळण्या केल्या. खळखळखळखळ! इतक्या खऱ्या की शेरिल बाईंनी काउंटरवर पाणी सांडलंय का ते पाहिलं. मग जीभ घासल्याचा आवाज, खर्र, खर्र. मग 'ऑऽऽक्!' मग पोटातून आलेला दुसरा, 'ऑऽऽऽऽक्!' मग घसा तळापासून खरवडून काढणारं ते खाकरणं, जे आम्ही इतके दिवस फक्त तुकड्या-तुकड्यांत ऐकलं होतं. मग 'थू:'. रांगेतल्या आजींनी छातीवर हात नेला. "ओ माय लॉर्ड! कोणीतरी त्या बिचाऱ्याला मदत करा!"

मग एक छोटा विराम. मग समाधानाचा 'हाऽऽश'.

आणि मग, खणखणीत, किंचित वैदर्भी वळणाच्या आवाजात :

"मंजू! चहा झाला का गं?"

मागचा नळ बंद झाला.

शेरिल बाईंनी विचारलं, "ही कुठली भाषा?"

"मराठी," रेवा म्हणाली. जाकिटातून फक्त डोळे बाहेर आले होते.

"काय म्हणाला तो?"

"ही'ज आस्किंग माय मॉम इफ द टी इज रेडी."

"आणि असं घरात कोण विचारतं?"

रेवा आणि मंजिरी, दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मग शेरिल बाईंनी पाहिलं. मग रांगेने. मग आजींच्या खांद्यावरच्या पक्ष्याने.

शेरिल बाईंनी माझी तक्रार पुन्हा हातात घेतली. चष्मा लावला आणि शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला. "मध्यमवयीन. अस्वच्छ सवयींचा. इतरांच्या सोयीगैरसोयीचा विचार न करणारा पुरुष." कागद खाली ठेवला. "वर्णन चांगलं केलंय तुम्ही."

मी खुलासा केला. तो इथे नोंदवणं भाग आहे. मी म्हटलं की हा आजार नाही, खोकलाही नाही. आमच्याकडे याला तोंड धुणं म्हणतात.

"कशाने?" शेरिल बाईंनी विचारलं.

मी सांगितलं की मी सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलो. तिथे सकाळी प्रत्येक घरातला पुरुष असंच तोंड धुवायचा. माझे वडील तांब्याच्या पट्टीने जीभ घासायचे तेव्हा वरच्या मजल्यावरचे काका त्यांना साथ द्यायचे आणि कोण घरी आहे, कोण दौऱ्यावर गेलाय, हे बायका आवाजावरून ओळखायच्या. आवाज न करता तोंड धुणाऱ्या माणसाने ते नीट धुतलंय असं मानलं जायचं नाही. दुकानातल्या लोकांनी हे लक्षपूर्वक ऐकलं. एका तरुणाने विचारलं की यात काही धार्मिक आहे का. रेवा म्हणाली, "प्लीज स्टॉप टॉकिंग, डॅड." मी थांबलो.

मग मी मंजिरीला मराठीत विचारलं (जणू मराठीत विचारल्याने प्रसंग खासगी होणार होता) : "तुला ओळखू आलं नाही? एवढी वर्षं ऐकतेस!"

"ऐकते?" मंजिरी म्हणाली. "मी सकाळी इअरबड्स कशासाठी घालते असं वाटतं तुला?"

"तू बातम्या ऐकतेस ना?"

"काहीही ऐकते. लग्नानंतर रेडिओ मोठा करायचे, मग वॉकमन आला, मग हे. तुझा आवाज शेवटचा कधी ऐकला तेच आठवत नाही मला. पण खोकला आहे का असं त्या डॉक्टरने विचारलं, तेव्हा मी कशाला हो म्हणू? तू खोकत नाहीसच."

हे तर्काला धरून होतं.

परत केलेला पक्षी पुन्हा देण्याबद्दल शेरिल बाई माझ्याशी बोलल्याच नाहीत. त्या काउंटरवर ओणव्या होऊन रेवाशी बोलल्या. "तुला हवाय का तो?"

"येस."

"असा आवाज करतो तरी?"

रेवाने क्षणभर विचार केला. तो क्षण मला लांब वाटला.

"इट्स नॉट हिज फॉल्ट," ती म्हणाली.

आधीचा कागद फाडण्यात आला. दुसरा पुढे आला. मी कायद्याचा उल्लेख न करता सही केली. निघताना शेरिल बाई मला म्हणाल्या, "सर, एक सांगू? माझ्या एखाद्या पक्ष्याचा आवाज खरंच असा झाला असता, तर मी त्याला केव्हाच हॉस्पिटलात नेलं असतं."

वाटेत एका सिग्नलला मी गाडीची काच धुवायला वायपरचं पाणी सोडलं, तेव्हा मागून गुळण्यांना सुरुवात झाली. मी पाणी बंद केलं.

घराजवळ आल्यावर रेवा हळूच म्हणाली, "दोज वेअर हिज फर्स्ट वर्ड्स, डॅड. हिज फर्स्ट वर्ड्स. आय वेटेड टू मंथ्स."

त्या रात्री पिंजऱ्यापुढे बसून मी बिस्किटची रीतसर माफी मागितली, कारण ती रेवाची अट होती. साक्षीला ती जिन्यावर बसली होती. "लाउडर," ती म्हणाली. मी मोठ्याने मागितली.

साने काकांना सगळं सांगावं लागलं, कारण निकाल काय लागला हे विचारायला ते रविवारी सकाळीच हजर झाले. त्यांनी ऐकून घेतलं, मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाले, "पण पन्नाशीचा पुरुष हे मी बरोबर ओळखलं की नाही?" मंडळात बातमी त्यांच्याकडूनच गेली. त्यानंतर 'तुमचा पोपट झाला म्हणे!' हे वाक्य मला होळीच्या कार्यक्रमात, गुढीपाडव्याच्या जेवणात, किराणा दुकानाच्या कोथिंबिरीपाशी आणि एकदा हायवेवर शेजारच्या गाडीतून काच खाली करून ऐकवण्यात आलं. हा विनोद आपल्यालाच सुचला, अशी प्रत्येकाची खात्री होती.

शेरिल बाईंचं शेवटचं वाक्य मंजिरीने सोडलं नाही. तिने मला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, तो आवाज करून दाखवा. त्या स्वच्छ, पांढऱ्या खोलीत, कोऱ्या बेसिनपुढे मी खूप प्रयत्न केला. एक बारीक 'अहं' निघाला. मंजिरीने फोन काढला आणि बिस्किटचं रेकॉर्डिंग लावलं. डॉक्टरांनी डोळे मिटून ते पुरतं ऐकलं.

"किती दिवसांपासून आहे याला?" त्यांनी विचारलं.

"कोणाला?" मंजिरी म्हणाली.

निदान पोपटाच्या आवाजावरून झालं. पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं. गोळ्या दिल्या, रात्रीचं जेवण लवकर घ्यायला सांगितलं, तिखट कमी करायला सांगितलं. (तिखट बिस्किटचं बंद केलेलं नाही.) दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा घसा साफ होता. मी आता आवाज न करता तोंड धुतो. दार लावून, नळ बारीक सोडून. चहा स्वतः करून घेतो.

बिस्किटच्या प्रकृतीत दोष नसल्याचं पक्ष्यांच्या डॉक्टरीण बाईंनी लेखी दिलं आहे. 'हाय रेवा' तो अजून म्हणालेला नाही. बाकी सगळं म्हणतो. रोज सकाळी, संपूर्ण, योग्य क्रमाने.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी मी आठवडाभर बाहेरगावी होतो. परत आलो तेव्हा रेवा जिन्यावरून खाली येत होती. मी विचारलं, "मी नव्हतो तर घर शांत शांत वाटलं असेल ना?"

ती थांबली. "यू वेअर गॉन?"